मंद गतीने येणाऱ्या नोंदी : वेग अचूक कसा काढावा ?



गेल्या काही वर्षांत शेतावरची मोजणी करणारी लहान लहान यंत्रे आपल्या भागातही दिसू लागली आहेत. कोणी बोडीत पाण्याची पातळी सांगणारे यंत्र बसवतो, कोणी घराच्या छपरावर स्वयंचलित पर्जन्यमापक लावतो, कोणाच्या धानाच्या बांधीत ओलावा मोजणारी कांडी असते. ही यंत्रे मोबाईलच्या जाळ्यावरून संदेश पाठवतात आणि आपल्या हातातील फोनवर आकडा उमटतो. आकडा दिसला की तो खरा, असे आपण धरून चालतो. पाऊस जोराचा असेल, पाणी भरभर वाढत असेल, तर बहुतेक वेळा तो खरा असतोही. अडचण येते ती वेग मंद असताना. तासातून एकदा, दिवसातून एकदा संदेश पाठवणाऱ्या यंत्राचा वेग दाखवताना पुष्कळशी ॲप्स चुकतात. कधी शून्य दाखवतात, कधी एकदम भीती वाटावी असा आकडा दाखवतात, आणि खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो.

धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मंद वेगाशीच जास्त काम पडते. बोडीतून पाणी झिरपते ते दिवसाला एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरने. करपा वाढतो तो रात्रभर भुरभुरणाऱ्या पावसात. सप्टेंबर संपता संपता भारी धान निसवायला लागते, त्या वेळी बोडीत किती पाणी उरणार याचा हिशेब पंधरा दिवस आधी लागला तर उपाय करता येतो. म्हणून या लेखात मंद नोंदींचा वेग कसा काढावा, ॲपवरचा आकडा कसा वाचावा आणि यंत्र घेताना विक्रेत्याला काय विचारावे, याची माहिती देत आहोत.

शून्य आणि उसळी

आधी पर्जन्यमापकाचे उदाहरण घेऊ, कारण २०१७ पासून राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि पावसाचा आकडा फोनवर पाहण्याची सवय आपल्याला लागली. खाजगीरीत्या विकत मिळणाऱ्या बहुतेक पर्जन्यमापकांत एक लहानसे झुलते भांडे असते. त्याचे दोन कप्पे असतात. एक कप्पा भरला की भांडे कलते, पाणी सांडते, दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो आणि एक नोंद होते. ही युक्ती जुनी आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये ख्रिस्तोफर रेन यांनी अशा कलत्या भांड्याचे पर्जन्यमापक तयार केले होते. आजच्या यंत्रांत एका कलण्याला ०.२, ०.२५ किंवा ०.५ मि.मी. पाऊस धरलेला असतो. तो आकडा यंत्रावर किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो, तो पाहून ठेवावा.

आता समजा, आपल्या यंत्राचे एक कलणे म्हणजे ०.२ मि.मी. आणि पाऊस पडतो आहे तासाला ०.२ मि.मी. या वेगाने, अगदी भुरभुर. म्हणजे भांडे तासातून एकदाच कलणार. ॲप दर १० मिनिटांनी कलणी मोजते आणि त्यावरून ताशी वेग काढते. तासातील सहा भागांपैकी पाच भागांत एकही कलणे नाही, म्हणून वेग शून्य. सहाव्या भागात एक कलणे, म्हणून १० मिनिटांत ०.२, म्हणजे तासाला १.२ मि.मी. खरा वेग ०.२ असताना ॲप एकदाही ०.२ दाखवीत नाही. पाच वेळा 'पाऊस नाही' म्हणते आणि एकदा सहापट पाऊस दाखवते. हेच ॲप दर मिनिटाला हिशेब करीत असेल तर ५९ मिनिटे शून्य आणि एक मिनिट तासाला १२ मि.मी.! मोजणीचा कालावधी जितका लहान, तितकी उसळी मोठी.

ॲप पूर्णांकात आकडा दाखवणारे असेल तर आणखी घोटाळा. रात्री नऊ तास अशी भुरभुर चालली तर एकूण पाऊस १.८ मि.मी. होतो. दर तासाचा आकडा ०.२, तो पूर्णांकात शून्य. सकाळी फोन उघडावा तर नऊच्या नऊ तासांपुढे शून्य. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणेही हा पावसाचा दिवस ठरत नाही, कारण त्यासाठी २.५ मि.मी. पाऊस लागतो. परंतु धानाची पाने मात्र रात्रभर ओली राहिली, आणि करपा रोगाच्या बुरशीला पाऊस किती पडला यापेक्षा पान किती वेळ ओले राहिले याचेच महत्त्व जास्त. कापणीनंतर बांधीत पडलेल्या कडप्यांचेही तसेच आहे. तेव्हा अशा रात्री एकूण मि.मी.कडे न पाहता पहिले कलणे कधी झाले, शेवटचे कधी झाले आणि मध्ये किती झाली ते पाहावे. नऊ तासांत नऊ कलणी ठराविक अंतराने पडली असतील तर पाऊस थांबला नव्हता, एवढे निश्चित कळते.

कालावधी ठरवावा की मोजणी ?

वेग काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, ठराविक वेळ ठरवून त्या वेळात किती नोंदी आल्या ते मोजणे. दुसरी, ठराविक नोंदी येण्यास किती वेळ लागला ते मोजणे. वेग जास्त असेल तेव्हा दोन्ही रीतींनी उत्तर सारखेच येते. वेग मंद असला की पहिली रीत फसते आणि दुसरी टिकते.

दुसरी रीत आपल्याला नवीन नाही. ठिबकच्या तोटीचा प्रवाह तपासताना आपण मोजपात्र १०० मि.ली.पर्यंत भरायला किती सेकंद लागले ते पाहतो. ४ लिटर ताशी प्रवाहाच्या तोटीला त्यास ९० सेकंद लागले पाहिजेत. विहिरीचा उपसा झाल्यावर पाणी एक हात चढायला किती वेळ लागला, हे तर आपले वाडवडीलही पाहत. त्यांनी पाण्याचे मोजमाप ठरवले आणि वेळ मोजली. ॲप बनवणारे बहुधा उलट करतात, कारण संगणकाला ठराविक वेळाने हिशेब करणे सोपे जाते. मोठ्या संगणक केंद्रांत संदेशांची वाहतूक पाहण्यासाठी जी देखरेखीची साधने वापरतात, त्यांतही हा दोष आढळतो. काही सेकंदांच्या मापाने मोजले की दर मिनिटाला एकच संदेश पाठवणारा त्यांच्या पडद्यावर बहुतेक वेळ शून्यच दिसतो. तेव्हा हा केवळ स्वस्त यंत्राचा दोष आहे असे समजू नये.

आता बोडीचे उदाहरण सविस्तर पाहू. समजा, आपली बोडी साधारण एक एकर पाणपसाऱ्याची आहे. पातळीचे यंत्र पाणी १ सें.मी.ने उतरले किंवा चढले की एक संदेश पाठवते. पाऊस नाही, पाणी सोडण्याचे दार बंद आहे. पाणी उतरते ते बाष्पीभवनाने आणि पाझराने. संदेश पुढीलप्रमाणे आले : सोमवारी सकाळी ६ वाजता, मंगळवारी सकाळी ८, बुधवारी सकाळी ७, गुरुवारी पहाटे ५, गुरुवारीच रात्री ११, आणि शुक्रवारी दुपारी १ वाजता.

ॲप ताशी वेग दाखवीत असेल तर या सहा तासांपुढे 'ताशी १ सें.मी.' आणि उरलेल्या सगळ्या तासांपुढे शून्य. ताशी १ सें.मी. म्हणजे दिवसाला २४ सें.मी., पाळ फुटल्यासारखे! पहिल्या वेळी शेतकरी धावत बोडीवर जातो, काही दिसत नाही. दुसऱ्या वेळी सावकाश जातो. तिसऱ्या वेळी जातच नाही, आणि यंत्र खोटे म्हणून सोडून देतो. यंत्र खोटे नसते, भागाकार चुकीचा असतो.

आता दोन संदेशांमधील अंतरे काढा. २६ तास, २३ तास, २२ तास, १८ तास, १४ तास. आकडे बोलू लागले. अंतर कमी होत चालले आहे, म्हणजे पाणी उतरण्याचा वेग वाढतो आहे. २४ ला अंतराने भागले की दिवसाचा वेग मिळतो. सुरुवातीला २४ भागिले २६, म्हणजे दिवसाला ०.९२ सें.मी. शेवटी २४ भागिले १४, म्हणजे १.७१ सें.मी. फरक जवळजवळ ०.८ सें.मी.चा. एक एकर पसाऱ्यावर १ सें.मी. पाणी म्हणजे सुमारे ४० हजार लिटर, तेव्हा ०.८ सें.मी. म्हणजे दिवसाला ३२ हजार लिटर पाणी जास्तीचे जाते आहे. चार दिवसांत उन्हात एवढा फरक पडत नाही. पाळीला कुठेतरी खेकड्याचे किंवा उंदराचे बीळ पडले आहे, किंवा दाराच्या बाजूने पाणी निघते आहे, असे समजून पाळीच्या बाहेरच्या अंगाने ओल शोधावी. बीळ लहान असतानाच चिकण माती ठासून बंद करता येते. सप्टेंबरमध्ये हे समजले तर भारी धानाचे एक पाणी वाचते.

हिशेबात दोन ठिकाणी हमखास चूक होते. संदेश सहा, पण अंतरे पाच. कुंपणाला सहा खुंट रोवले तर मधल्या जागा पाचच असतात, तसे हे आहे. वरच्या उदाहरणात पहिल्या संदेशापासून शेवटच्यापर्यंत १०३ तास होतात आणि तेवढ्या वेळात पाणी उतरले ५ सें.मी., सहा नव्हे. सरासरी वेग दिवसाला १.१७ सें.मी. येतो. संदेश मोजून ६ धरले तर १.४० येतो, म्हणजे वीस टक्के जास्त. नोंदी शंभर असतील तर या एकाने काही बिघडत नाही. पाच-सहाच असतील तर बिघडते.

दुसरी चूक सरासरीची. प्रत्येक अंतराचा वेग वेगळा काढून मग त्या वेगांची सरासरी घेऊ नये. वरच्या आकड्यांत तशी सरासरी १.२२ येते, खरी १.१७ आहे. आधी अंतरांची बेरीज, मग एकदाच भागाकार, हा नियम ठेवावा.

एक सूचना येथेच करावीशी वाटते. दिवसा बाष्पीभवन जास्त आणि रात्री कमी, त्यामुळे पूर्णपणे दिवसात पडलेले अंतर रात्रीच्या अंतरापेक्षा थोडे लहान येते. एका लहान अंतरावरून निष्कर्ष काढू नये. निदान एक दिवस-रात्र उलटू द्यावी. वाऱ्याने लाटा उठल्या की पातळी एका सेंटिमीटरच्या रेषेवर खालीवर होते आणि यंत्र भराभर 'उतरले, चढले, उतरले' असे संदेश पाठवते. ती खरी उतार-चढ नव्हे. पातळी मोजणारे यंत्र उभ्या नळीत, तळाशी बारीक छिद्रे ठेवून बसवले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

संदेश आलाच नाही तर ?

शुक्रवारी दुपारी १ नंतर संदेश आला नाही. शनिवारी संध्याकाळचे ७ वाजले. ३० तास झाले. आता वेग किती म्हणावा ? काही ॲप शेवटचा वेग, १.७१, तसाच दाखवीत राहतात. काही शून्य दाखवतात. दोन्ही चूक.

विचार असा करावा. ३० तासांत १ सें.मी. पाणी उतरलेले नाही, कारण उतरले असते तर संदेश आला असता. म्हणून वेग २४ भागिले ३०, म्हणजे दिवसाला ०.८ सें.मी.पेक्षा जास्त असू शकत नाही. कमी असू शकतो. ४८ तास गेले तर हीच कमाल मर्यादा ०.५ वर येते. म्हणजे वाट पाहण्याच्या काळातही आपल्याला माहिती मिळत असते. जसजसा वेळ जातो तसतशी मर्यादा खाली येते. सोपा नियम असा की, शेवटच्या संदेशाला झालेला वेळ आधीच्या अंतरापेक्षा कमी असेल तोपर्यंत आधीचा वेग धरावा, आणि वेळ त्याहून जास्त झाला की झालेल्या वेळाने भागून येणारी मर्यादा धरावी. चांगल्या ॲपने हे आपोआप करावयास हवे. करीत नसेल तर कागदावर एका मिनिटात होते.

परंतु या सगळ्यात एक गृहीत आहे : यंत्र चालू आहे. बॅटरी उतरली असेल, वायर कुरतडली गेली असेल, रेंज गेली असेल, तर येणारी शांतता आणि पाणी न उतरल्याची शांतता फोनवर सारखीच दिसते. आमच्या मते यंत्र घेताना विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. केवळ बदल झाल्यावरच संदेश पाठवणारे यंत्र अपुरे समजावे. काही बदल झालेला नसला तरी ठराविक वेळाने 'मी आहे' असे सांगणारा एक छोटा हजेरीचा संदेश त्याने पाठवला पाहिजे. बोडीसाठी सहा तासांनी एक हजेरी पुरते. शक्य असल्यास त्याच संदेशात पातळी आणि बॅटरीचा दाब असावा. लागोपाठ दोन हजेऱ्या चुकल्या तर ॲपने शून्य न दाखवता 'यंत्राशी संपर्क नाही' असे स्पष्ट लिहिले पाहिजे. शून्य हा निरोप आहे आणि संपर्क नसणे हा निरोपाचा अभाव आहे. दोन्हींना एकच खूण देणारे ॲप घेऊ नये.

विक्रेता कदाचित म्हणेल की हजेरीने बॅटरी लवकर उतरते. हे खरे आहे, संदेश पाठवतानाच यंत्राला सर्वांत जास्त वीज लागते. म्हणून हजेरी दर मिनिटाला मागू नये. पण दिवसातून चार हजेऱ्यांना नाही म्हणण्याचे कारण नाही.

शेतावरच्या पुष्कळ यंत्रांत संदेश पाठवण्याची जी पद्धत वापरतात तिचे नाव एमक्यूटीटी. ती १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तयार केली, तीही शेतीसाठी नव्हे, तर निर्जन भागातून जाणाऱ्या तेलाच्या नळांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी. तेथेही संदेश थोडे आणि संपर्क महाग, म्हणजे आपल्यासारखीच अडचण. त्या पद्धतीत एक सोय अशी आहे की, यंत्र जोडणी करतानाच आपले 'मृत्युपत्र' मधल्या संगणकाजवळ ठेवते. पुढे काही न सांगता यंत्र गप्प झाले तर तो संगणक ते मृत्युपत्र इतरांना वाचून दाखवतो. ही सोय असते खरी, पण यंत्र बनवणाऱ्याने ती चालू केलेली असेलच असे नाही. विचारून घ्यावे.

रेंज गेल्यावरचा हिशेब

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगावयास नको. पावसाळी रात्री, नेमकी गरज असते तेव्हा, वीज आणि रेंज दोन्ही जातात. अशा वेळी यंत्र नोंदी कशा ठेवते यावर सगळे अवलंबून आहे.

समजा, पर्जन्यमापकाने दुपारी २ वाजता शेवटचा संदेश पाठवला आणि रात्री ८ वाजता रेंज परत आली. मधल्या सहा तासांत १८ मि.मी. पाऊस पडला. यंत्र जर 'गेल्या १० मिनिटांत किती कलणी' एवढेच पाठवणारे असेल आणि न गेलेले संदेश साठवत नसेल, तर हे १८ मि.मी. कायमचे गेले. उरलेल्या दिवसात ५८ मि.मी. नोंदले गेले असतील तर आपण म्हणणार ५८. खरा पाऊस ७६. राज्यात २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे लक्षात घेतले तर या फरकाची किंमत कळते. मदतीसाठी आपल्या छपरावरील यंत्राचा नव्हे तर महसूल मंडळातील केंद्राचा आकडा पाहतात, हे खरे. तरीही मंडळाचा आकडा आणि आपल्या बांधीतील परिस्थिती यांत तफावत असेल तर वेळेत पंचनाम्याची मागणी करण्यासाठी स्वतःजवळ नीट नोंद असावी.

यावर उपाय म्हणजे यंत्राने चढता एकूण आकडा पाठवावा. विजेच्या मीटरप्रमाणे. मीटर वाचणारा एक महिना आला नाही म्हणून वापरलेली युनिटे नाहीशी होत नाहीत, पुढच्या वाचनात ती येतात. दुपारी २ वाजता एकूण कलणी १२०, रात्री ८ वाजता २१०. वजाबाकी ९०, गुणिले ०.२, बरोबर १८ मि.मी. मधले सगळे संदेश बुडाले तरी पाऊस बुडाला नाही.

पण येथेही भागाकार जपून करावा लागतो. ॲपने हे १८ मि.मी. शेवटच्या १० मिनिटांत पडले असे धरले तर वेग निघतो तासाला १०८ मि.मी. ढगफुटीच! खरे पाहता सहा तासांत १८, म्हणजे तासाला ३ मि.मी. शांत, मुरणारा पाऊस. भागताना नेहमी आधीच्या आणि आताच्या वाचनामधील खरा वेळ घ्यावा, ठरलेला वेळ नव्हे. तसेच यंत्राने संदेशात नोंद कधी घेतली ती वेळ लिहिलेली असावी. संदेश फोनवर कधी पोहोचला, ती वेळ वेगळी. रेंज आल्यावर साठलेले छत्तीस संदेश एका मिनिटात पोहोचले, तर पोहोचण्याच्या वेळेवरून काढलेला वेग निव्वळ निरर्थक असतो.

चढत्या आकड्याला एक खोड आहे. बॅटरी काढून बसवली की काही यंत्रांत तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. ४१२ नंतर एकदम ३ आले तर वजाबाकी उणे येते. अशा वेळी वजाबाकी न करता ३ हा नवीन सुरुवातीनंतरचा आकडा समजावा आणि वहीत तशी खूण करावी. दिवस केव्हा बदलतो हेही पाहावे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. बहुतेक ॲप मध्यरात्री आकडा बदलतात. शेजाऱ्याचे ४० आणि आपले २५ यांत कधी कधी एवढाच फरक असतो.

सापळ्यातील पतंग

आतापर्यंतची उदाहरणे पाण्याची होती. पाणी एकसारखे येते किंवा जाते, त्यामुळे मोजणीत चूक होते ती जास्तीत जास्त एका कलण्याची किंवा एका सेंटिमीटरची. दहा नोंदी जमल्या की चूक दहा टक्क्यांच्या आत येते. किडींचे तसे नाही. कामगंध सापळ्यात खोडकिड्याचे पतंग येतात ते मर्जीने. सात रात्री ०, २, ०, १, ३, ०, १ असे पतंग आले. पाचव्या रात्री ३ दिसले म्हणून फवारणीचा पंप उचलायचा आणि सहाव्या रात्री ० आले म्हणून ठेवून द्यायचा, असे होऊ नये. आठवड्याचे एकूण ७, म्हणजे रात्रीला सरासरी १.

अशा मर्जीने येणाऱ्या मोजणीत एकूण संख्येचे वर्गमूळ काढले की साधारण चुकीचा अंदाज येतो. ७ चे वर्गमूळ अडीचच्या थोडे पुढे. म्हणजे ७ ही मोजणी ४ ते १० यांपैकी काहीही म्हणून वाचावी. पुढच्या आठवड्यात ९ आले तर कीड वाढली असे म्हणता येत नाही. २५ आले तर निश्चित वाढली. एका सापळ्यावरून आठवडाभर वाट पाहावी लागते. पाच सापळ्यांची बेरीज घेतली तर तेवढीच खात्री दीड-दोन दिवसांत मिळते. कॅमेऱ्याने पतंग मोजणारे सापळे घेणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे, कॅमेऱ्याने वर्गमूळ बदलत नाही. प्रकाश सापळा असेल तर पौर्णिमेच्या आसपास पतंग कमी येतात, ती घट किडीची समजू नये. आणि फवारणीचा निर्णय सापळ्यावर नव्हे, बांधीत उतरून चूड पाहूनच घ्यावा.

यंत्राची घरच्या घरी तपासणी

हिशेब कितीही नीट केला तरी कलणारे भांडेच चुकत असेल तर उपयोग नाही. तपासणी सोपी आहे. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढावे, त्याला एका कलण्याच्या मि.मी.ने गुणून १० ने भागावे, म्हणजे एका कलण्याचे पाणी मि.ली.मध्ये मिळते. तोंडाचा व्यास १६ सें.मी. असेल तर क्षेत्रफळ सुमारे २०० चौ.सें.मी. होते आणि ०.२ मि.मी.साठी ४ मि.ली. पाणी लागते. शंभर कलण्यांना ४०० मि.ली.

प्लास्टिकच्या बाटलीत मोजून ४०० मि.ली. पाणी घ्यावे, झाकणाला सुईने भोक पाडून ती नरसाळ्यावर उलटी टांगावी, बुडालाही हवेसाठी एक भोक ठेवावे. पाणी संपायला सुमारे एक तास लागावा. नोंदी ९७ ते १०३ आल्या तर यंत्र ठीक. कमी आल्या तर आधी नरसाळ्याची जाळी आणि भांड्याचा आस साफ करावा, यंत्र पाणपातळीत बसवले आहे का ते पाहावे, मगच स्क्रू फिरवावा. पाणी भराभर ओतून तपासू नये. भांडे कलत असताना वरून येणारे पाणी भरलेल्या कप्प्यातच पडून वाया जाते, त्यामुळे जोराच्या धारेत यंत्र नेहमी कमीच मोजते. उलट अगदी मंद पावसात अर्धवट भरलेल्या कप्प्यातील पाणी दुसऱ्या दिवशीच्या उन्हात उडून जाते आणि ती नोंद कधीच होत नाही. त्यामुळे शक्य असेल त्यांनी जवळच साध्या मोजपात्राचा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यावे. दोन्हींची महिन्याची बेरीज ताडून पाहिली की यंत्राचा स्वभाव कळतो.

वहीत चार रकाने पुरेत : तारीख, वेळ, यंत्राचा चढता एकूण आकडा आणि शेरा. शेऱ्यात बॅटरी बदलली, दार उघडले, जाळीत पाने अडकली, असे लिहावे. वेग रोज काढण्याची गरज नाही. आकडा आणि वेळ लिहिलेली असली की वेग केव्हाही काढता येतो, पण ॲपने दाखवलेला वेग लिहून ठेवला तर त्यातून मूळ आकडा परत मिळत नाही.

पर्जन्यमापकाची बाटलीची तपासणी मृगापूर्वी एकदा आणि रोवणी आटोपल्यावर एकदा करावी. उन्हाळ्यात नरसाळ्यात कुंभारमाशीचे घर हमखास सापडते, ते काढल्याशिवाय पहिल्या पावसाची नोंद येणार नाही. बोडीतील नळीची खालची छिद्रे ऑगस्टअखेर गाळाने बुजतात. नळी उचलून धुवावी आणि त्याच दिवशी पट्टीने प्रत्यक्ष पातळी मोजून यंत्राच्या आकड्याशी जुळवून घ्यावी.